बाविसाव्या मजल्यावरचा सोफा

पेठेतल्या वाड्यातून बालेवाडीच्या टॉवरमध्ये शिफ्ट झालो, तेव्हा एक गोष्ट लक्षातच आली नव्हती. इथे माळा नाही! वाड्यात नको असलेलं सगळं माळ्यावर जायचं. माळा भरला की खालून 'भंगाऽऽरवाले' अशी आरोळी यायची, आई खिडकीतून हाक मारायची आणि दहा मिनिटांत सौदा पक्का. २२व्या मजल्यावर ती आरोळी पोचत नाही. पोचली तरी उपयोग नाही, हातगाडीला गेटवरच मज्जाव.

त्यामुळे नवा एल-शेप सोफा आला, त्या दिवशी बाबांचा जुना थ्री-सीटर जिन्याच्या वळणावर गेला. टेम्पररी हं! बाबा जाऊन तीन वर्षं झाली, पण सोफा द्यायचा विषय काढला की आई नुसतं 'बघू' म्हणायची. मग त्याच्या शेजारी कापसाची गादी गेली, पिक्चर ट्यूबवाला टीव्ही गेला, इन्व्हर्टरची डेड बॅटरी गेली. टेम्पररीचे चार महिने झाले. सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा मेसेज आला, 'कृपया जिने मोकळे ठेवा.' मी दोन्ही वेळा थम्स-अप केला. तुम्हीही करत असाल.

ती शुक्रवारची रात्र

रात्री साडेअकराला १४व्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिक डक्टमधून धूर येऊ लागला. अलार्म वाजला, लिफ्ट बंद. मी आईचा हात धरून जिन्याकडे पळालो आणि पहिल्याच वळणावर आमचा सोफा आडवा! वरच्या मजल्यावरचे आजोबा वॉकर घेऊन आमच्या मागे. त्यांच्या मागे लहान मुलं, कडेवर बाळ घेतलेली एक बाई. मोबाइलच्या उजेडात मी आणि आणखी एकाने सोफा भिंतीला रेटला, गादी उभी केली, तेव्हा कुठे वॉकर जाईल एवढी वाट झाली. दोन मिनिटं लागली असतील. ती दोन मिनिटं मी विसरणार नाही.

"कोणाचंय हे सगळं?" मागून कोणीतरी विचारलं. मी गप्प.

"आमचं," आई म्हणाली.

सुदैवाने धूर लवकर आटोक्यात आला, कोणाला काही झालं नाही. तासाभराने घरी आलो. आई पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुझे बाबा कधी जिन्यात बसत नव्हते. उद्या काढ ते सगळं."

सामान जातं कसं?

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ सालचा आहे आणि त्यात जबाबदारी इमारतीच्या मालकांवर, राहणाऱ्यांवर टाकलेली आहे. म्हणजे आपल्यावरच. जिना काय किंवा उंच इमारतीतला रेफ्यूज एरिया काय, तो अडचणीच्या वेळी माणसांनी थांबायला आणि बाहेर पडायला असतो. तो आपला माळा नव्हे, हे मला कायद्याआधी वॉकरने शिकवलं.

शनिवारी सकाळी फोन करायला बसलो आणि कळलं की अडगळ तीन प्रकारची असते.

पहिली, जिचे पैसे मिळतात. लोखंड, तांबं, पितळ, रद्दी. भंगारवाला यासाठी आनंदाने २२ मजले वर येतो, वजनकाट्यासकट. फक्त गेटवर त्याचं नाव आधी सांगून ठेवायचं. बॅटरीही याच गटातली. आत शिसं असतं, त्यामुळे नवी घेताना दुकानदार जुनी घेऊन किंमत कमी करतो. मात्र ती मोठी बॅटरी पन्नास किलोच्या आसपास भरते आणि आत ॲसिड असतं. उभीच न्या, आडवी नको.

दुसरी, जी फुकटात जाते. पण योग्य हातांत द्यावी लागते. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं, तो फोडून तांब्याची तार काढणाऱ्याला देऊ नका, अधिकृत ई-कचरा केंद्रालाच द्या. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आहे. तिच्या 'व्ही-कलेक्ट' उपक्रमात जुने कपडे, खेळणी, ई-कचरा अशा वस्तू घेतल्या जातात.

तिसरी, जी न्यायला आपल्यालाच पैसे मोजावे लागतात. फोम, प्लायवूड, भिजलेली गादी. भंगारवाल्याने सोफ्याला हात लावून सरळ सांगितलं, "साहेब, याचं काय येत नाय. उलट तुमीच द्या." एवढ्या वर्षांचा सोफा आणि किंमत उणे! आईचा चेहरा पाहवला नाही.

तेवढ्यात आमच्या वॉचमन मामांनी विचारलं, "आई, मी नेऊ का? पोरीनं नवीन खोली घेतलीय, बसायला काय नाय तिला." आईने पाच सेकंद विचार केला आणि आतून सोफ्याची धुतलेली कव्हरं आणून दिली.

लिफ्टचं गणित

पुढचा प्रश्न लिफ्टचा. १३ माणसांची लिफ्ट ८८४ किलो उचलते, म्हणजे वजनाचं टेन्शन नाही. प्रश्न असतो दाराच्या रुंदीचा आणि वेळेचा. आमच्याकडे सामान फक्त ११ ते ४ मध्ये, मॅनेजरकडे आधी नोंद करून आणि गेटपास घेऊन. मी टेपने लिफ्ट मोजली, पाय काढून सोफा उभा केला, तर आरामात मावला! छोटा हत्ती खाली उभा होताच. गादीसाठी आणि दोन हमालांसाठी मिळून अठराशे रुपये गेले. चार महिने मी ज्याला 'वेळ नाही' म्हणत होतो, ते काम दोन तासांत झालं.

तुमच्यासाठी चार गोष्टी

• नवी वस्तू बुक करतानाच 'जुनी नेणार का?' विचारा आणि बिलावर लिहून घ्या.
• लिफ्टचं दार आणि आतली उंची मोजून मोबाइलमध्ये ठेवा.
• आधी लिफ्टची वेळ ठरवा, मग टेम्पोला फोन करा.
• काहीही दाराबाहेर ठेवायचं नाही, एका रात्रीपुरतंही.

परवा ग्रुपवर पुन्हा मेसेज आला, '१७व्या मजल्यावरच्या जिन्यातली सायकल आणि कुंड्या कोणाच्या?' खाली पटापट अकरा थम्स-अप. मी भंगारवाल्याचा नंबर टाकला.