गाणं लिहिणाऱ्या शांताबाई

गाणं कानावर पडलं की आपण लगेच म्हणतो, “लताबाई गातायत.” पडद्यावरची नटी कोण, हे तर पोरंसोरंही सांगतात. पण गाण्यातले शब्द कुणाचे? तिथं सगळे गप्प.

असे शब्द लिहिणाऱ्या एक बाई आपल्या इंदापुरात जन्मल्या. नाव शांता शेळके. जन्म १२ ऑक्टोबर १९२२. वडील जंगलखात्यात नोकरीला होते. शांताबाई लहान असतानाच ते वारले. बालपणीचा काही काळ खेडला, म्हणजे आताच्या राजगुरुनगरला, गेला. तिथं घरच्या बायकांच्या ओव्या आणि सणावारांची गाणी पोरीच्या कानांत बसली. पुढे त्या पुण्याला शिकल्या, एम. ए. झाल्या. आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’ साप्ताहिकात काम केलं. नंतर नागपूर-मुंबईच्या कॉलेजांत शिकवलं. त्या काळात बाईनं लेखणीवर पोट भरणं सोपं नव्हतं.

१९५० साली ‘राम राम पाव्हणं’ या चित्रपटासाठी त्यांनी गाणी लिहिली. तिथून सुरुवात झाली.

सिनेमाचं गाणं लिहिणं म्हणजे मापाचं काम. पुष्कळदा चाल आधी तयार असते. पेटीवर ती वाजवून दाखवतात. तिच्यात बसतील तेवढेच शब्द घालायचे. एक अक्षर जास्त झालं की गाणारी अडखळते. शिवाय शब्द त्या माणसाला शोभले पाहिजेत. शेतकरणीच्या तोंडी शास्त्रीबुवांची भाषा घातली तर लोक हसतील!

१९६४ चा भालजी पेंढारकरांचा ‘मराठा तितुका मेळवावा’ घ्या. त्याला संगीत लताबाईंचं, पण नाव लावलं होतं ‘आनंदघन’. त्यात शूर सरदारांचं गाणं शांताबाईंचं. आशाबाईंनी गायिलेली लावणीही त्यांचीच. लावणीतली बाई स्वतः साडीवर कशिदा काढते आणि साडीला हात लावणाऱ्याला दटावते. संस्कृत शिकलेल्या बाईनं ही लावणी लिहिली, हे कित्येकांना पटत नाही. मला विचाराल तर ही जात्यावरच्या ओवीची शिकवण.

इंदापुरात समुद्र नाही. तरी डोलकराचं, म्हणजे डोल जाळ्यानं मासे धरणाऱ्या कोळ्याचं, गाणं त्यांनी कोळ्यांच्याच बोलीत लिहिलं. गणपतीच्या मांडवात वाजणारी लताबाईंची काही गाणीही त्यांचीच आहेत.

काही गाण्यांना त्यांनी ‘वसंत अवसरे’ असं पुरुषाचं नाव दिलं. म्हणजे नाव वाचलं तरी बाईचा पत्ता लागू नये!

१९९६ साली आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. ६ जून २००२ रोजी वारल्या. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी नाव दिलं ‘धूळपाटी’. पूर्वी पाटीवर धूळ पसरून तिच्यात बोटानं अक्षरं गिरवत, ती धूळपाटी.

आता जुना मराठी सिनेमा लागला, तर सुरुवातीपासून बसा. पडद्यावर नावं येतात. त्यांत ‘गीते’ हा शब्द शोधा आणि त्याच्यापुढचं नाव वाचा. पाटी भराभर सरकते. पहिल्या वेळी अर्धंच नाव वाचून होईल.