कुत्रं पुन्हा चावलं, आता किती इंजेक्शनं?

सकाळी सव्वासहाला दारात पेपर पडला, पण पेपर टाकणारा मुलगा पुढे गेला नाही. पोटरी धरून जिन्यातच उभा होता. पॅन्ट फाटलेली, खाली दोन दातांच्या खुणा, त्यातल्या एकीतून रक्त येत होतं. "काकू, कोपऱ्यावरचं कुत्रं चावलं. पण मागच्या वर्षी माझा सगळा कोर्स झालाय. आता काही होत नसेल ना?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. पहाटे दूध घालणारे, कचरा उचलणारे, रात्रपाळीहून परतणारे, सगळ्यांना भटक्या कुत्र्यांचा रोजचा त्रास. एकदा चावा घेतला म्हणून कुत्री दुसऱ्यांदा सोडत नाहीत. मग कुणी म्हणतं, "आधी घेतलीत, आता नको." कुणी घाबरून पुन्हा अख्खा कोर्स मागतं. पहिल्याची चूक जिवावर बेतू शकते. दुसऱ्याच्या वाट्याला निष्कारण हेलपाटे येतात.

त्याला आधी बाथरूममध्ये नेलं. नळाची धार सोडली, कपडे धुण्याचा साबण दिला आणि घड्याळ समोर ठेवलं. पंधरा मिनिटं. चार मिनिटांतच तो म्हणाला, "झालं की." नव्हतं झालं. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध आवरण असतं आणि साबणानं ते फुटतं, म्हणून हे धुणं म्हणजे उपचाराची पहिली पायरी आहे. आधी कितीही इंजेक्शनं झालेली असोत, ही पायरी चुकवायची नाही. जखमेवर हळद, चुना, तिखट यातलं काहीही लावायचं नाही, घट्ट पट्टीही बांधायची नाही.

पहिल्या चाव्याच्या वेळी एवढी धावपळ का असते, ते कळलं की दुसऱ्या वेळचं गणित सुटतं. लाळेतून आलेला विषाणू नसांच्या वाटेनं मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. लस घेतल्यावर शरीर प्रतिपिंडं तयार करतं, पण पहिल्या खेपेला त्याला सात ते चौदा दिवस लागतात. मधल्या काळात जखम उघड्यावर पडू नये म्हणून रक्त काढणाऱ्या किंवा खोल चाव्यात तयार प्रतिपिंडांचं सीरम थेट जखमेत आणि तिच्याभोवती टोचतात. दंडाच्या स्नायूत घ्यायची लस असेल तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी, असे पाच डोस होतात. सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी त्वचेत टोचतात, तेव्हा 0, 3, 7 आणि 28 हे चार दिवस आणि दर वेळी दोन्ही दंडांत मिळून दोन टोचण्या.

हा कोर्स पुरा झाला की शरीर तो विषाणू ओळखून ठेवतं. रक्तातली प्रतिपिंडं पुढे कमी झाली तरी ओळख पक्की राहते, वर्षानुवर्षं. दुसऱ्या चाव्यानंतर लस टोचली की ती नव्यानं शिकवणी नसते, नुसती हाक असते, आणि शरीर काही दिवसांत जोमानं प्रतिपिंडं बनवू लागतं. म्हणून दोनच डोस पुरतात: चावा झाला त्या दिवशी एक आणि तीन दिवसांनी दुसरा. सोमवारी पहिला घेतला तर गुरुवारी दुसरा. सीरम लागत नाही. उलट बाहेरून दिलेल्या तयार प्रतिपिंडांमुळे शरीराचा स्वतःचा प्रतिसाद मंदावू शकतो.

पण "दोन" म्हणजे "शून्य" नव्हे. आधीचा कोर्स संपून तीन महिनेही झाले नसतील तर केवळ जखम धुणं पुरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली सांगितलं आहे. तरी हा हिशेब घरी बसून करू नये, डॉक्टरांना करू द्यावा. कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल.

सूट सगळ्यांना नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती एखाद्या आजारानं किंवा केमोथेरपीसारख्या उपचारानं खालावली आहे, त्यांना दुसऱ्या वेळीही पूर्ण कोर्स आणि सीरम द्यावं लागतं. ज्यांनी मागच्या वेळी दुखणं थांबलं म्हणून मधेच जाणं सोडलं, त्यांनी ते लपवू नये.

आणि एक मोठी गफलत आजोबांच्या पिढीची. "मी पोटात चौदा घेतलीत, मला काय होतंय!" बेंबीभोवतीची ती चौदा इंजेक्शनं म्हणजे मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी सेंपल लस. डेव्हिड सेंपल यांनी ती 1911 साली कसौलीत तयार केली आणि भारतात 2004 च्या अखेरीस तिचं उत्पादन थांबलं. तिच्यामुळे क्वचित लकव्यासारखे त्रासही होत. दुसऱ्या चाव्याच्या हिशेबात ती धरत नाहीत. ज्यांनी फक्त तीच घेतली, त्यांनी स्वतःला पहिल्यांदाच चावा झाला असं समजून पूर्ण उपचार घ्यावेत. मला वाटतं, घरातल्या सत्तरीच्या माणसाला हे आजच सांगावं, चाव्याची वाट न बघता.

दवाखान्यात सिस्टरनं पहिला प्रश्न विचारला तो जखमेचा नव्हता. "मागचा कागद आहे का?" मुलानं आईला फोन लावला. लसीचं पिवळं कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या घडीत होतं. तारखा निळ्या शाईत, शेवटचा डोस 28 व्या दिवसाचा, खाली शिक्का. धाकट्या भावानं सायकलवरून ते आणून दिलं. कार्ड सापडलं नसतं तर त्याच्या नुसत्या शब्दावर डॉक्टर दोन डोसांवर थांबले नसते, आणि ते बरोबरच झालं असतं.

त्याला दंडात लस मिळाली, धनुर्वाताचंही इंजेक्शन झालं. कुत्रं गल्लीतलं ओळखीचं, म्हणून दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायला सांगितली. त्यासाठी लस मात्र थांबवली नाही. गुरुवारी पेपर वेळेवर आला. "आठला दवाखाना उघडतो, तिकडूनच कॉलेजला जातो," म्हणाला. कार्ड शर्टाच्या खिशात होतं.