साग म्हणजे साग, पण कुठला?

लाकडाच्या वखारीत सागाचा भाव विचारला, की मालकच उलट विचारतो, ‘‘कुठला हवा? सीपी, बल्लारशा, वलसाड की बर्मा?’’ नवे गिऱ्हाईक गोंधळते. साग तो साग, त्यात गावाचा काय संबंध? लाकडातला फरक काही अंशी माती-पाण्याचा असतो हे खरे. पण वंशातही फरक आहे, हे शास्त्रज्ञांनी पानांतील डीएनए तपासून दाखवले आहे.

साग मुळात रानात उगवतो तो मुख्यतः चार देशांत : भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस. आपल्याकडे तो मध्य भारतापासून पार केरळपर्यंत पसरला आहे. यांत सर्वाधिक आनुवंशिक वैविध्य भारतीय सागात आढळले. पूर्वेकडे लाओसपर्यंत ते घटत जाते. भारतातही मध्य भारताचा साग निराळा, दक्षिण सह्याद्रीचा निराळा. विदर्भाच्या उन्हाळ्यात पाने गाळून तग धरणारे झाड आणि मलबारच्या धो धो पावसात वाढणारे झाड एकाच घडणीचे कसे असेल?

याचा खिशाशी काय संबंध? आहे! सागाला फुलोरा येतो तो शेंड्यावर, आणि पहिल्या फुलोऱ्यानंतर खोडाला तिथेच फाटे फुटतात. म्हणजे लवकर फुलणाऱ्या झाडाचे सरळ खोड आखूड, आणि पैसा तर सरळ खोडाचाच. फुलण्याचे वय बऱ्याच अंशी वंशातून येते. १९९०च्या दशकात सागलागवडीच्या योजनांत मध्यमवर्गीयांनी मोठ्या आशेने पैसे गुंतवले. पुढे १९९९मध्ये ‘सेबी’ने अशा सामूहिक गुंतवणुकीसाठी नियम केले. पण रोपांचे बी कोणत्या जंगलातले, हे त्या गुंतवणूकदारांपैकी किती जणांनी विचारले असेल?

परदेशांत तर अशा लागवडींचा सारा डोलारा मोजक्या बियाण्यावर उभा राहिला. त्रिनिदादमध्ये १९१३च्या सुमारास ब्रह्मदेशातील तेनासरीमहून बी गेले आणि तेथून त्याचीच संतती मध्य अमेरिकेत पोचली. वंश असा अरुंद असला, की नवी कीड किंवा रोग आल्यावर टिकून राहतील अशी वेगळी झाडे मिळण्याची शक्यताही कमी होते.

यावर उपाय म्हणून बीजोद्याने उभारली गेली. जंगलांतील सरस झाडे हेरायची, त्यांचे डोळे भरून कलमे करायची आणि ती एकत्र लावायची. योजना उत्तम, पण झाडांनी आपली जुनी सवय सोडली नाही. निरनिराळ्या प्रदेशांची कलमे निरनिराळ्या वेळी फुलतात. एकाचा फुलोरा ओसरतो तेव्हा दुसऱ्याचा सुरू होतो. साग स्वतःच्या परागावर फारसा फळत नाही, त्यामुळे अशा बागांत बी बेताचेच धरते.

म्हणूनच जुन्या जंगलांची किंमत घनफुटांत मोजून भागत नाही. गडचिरोलीतील आलापल्लीच्या ‘वनवैभवा’ला २०१४ साली जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तिथले जुने सागवृक्ष अजून उभे आहेत.