उंदराचे लाल अश्रू

पाळलेल्या उंदराच्या नाकाभोवती आणि डोळ्यांच्या कडेला तांबडा डाग दिसला की घरातल्यांची धांदल उडते. रक्तच ते, असं सगळ्यांना वाटतं. पण बहुतेकदा ते रक्त नसतं. उंदराच्या डोळ्यामागे हार्डेरियन नावाची ग्रंथी असते. तिच्या स्रावात पॉर्फिरिन हे लालसर रंगद्रव्य असतं आणि अश्रूंच्या वाटेने ते नाकापर्यंत उतरतं. अतिनील प्रकाशात हा डाग लालसर चमकतो. रक्त तसं चमकत नाही.

हा स्राव धडधाकट उंदरालाही असतो. तो एरवी दिसत नाही, कारण उंदीर (आपल्याकडे पटणार नाही, पण खरं आहे) कमालीचा टापटिपीचा प्राणी आहे. दिवसातून अनेकदा तो पुढच्या पायांनी तोंड पुसतो. आजारात किंवा ताणात स्राव वाढतो आणि पुसण्याचं त्राणही उरत नाही. म्हणून एखाद्या सकाळचा पुसट डाग सोडून द्यावा, पण सतत राहणारा डाग सोडू नये.

ज्याला मांजर, घुबड, साप सगळेच खातात, त्याला दुखणं लपवावंच लागतं. माणसाला ते कळेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो. गंमत म्हणजे, शतकभराहून अधिक काळ प्रयोगशाळेत माणसाचे आजार समजून घेण्यासाठी वापरलेल्या या प्राण्याच्या चेहऱ्यावरची वेदना मोजण्याची पद्धत आली ती थेट 2011 मध्ये. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी ती मांडली. वेदना होत असेल तर उंदराचे डोळे बारीक होतात, नाक आणि गाल सपाट दिसू लागतात, कान आत वळतात, मिशा ताठ होतात. उंदरापेक्षा लहान अशा माऊसमध्ये मात्र याच वेळी नाक-गाल फुगीर दिसतात. इतका जवळचा नातेवाईक, तरी चेहरा वाचायचा नियम वेगळा!

घरच्या घरी करता येणारी सर्वांत उपयोगी तपासणी म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. दर आठवड्याला वजन लिहून ठेवावं. तीनशे ग्रॅमच्या जिवाचे तीस ग्रॅम कमी झाले तर डोळ्यांना कळत नाही, पण ते साठ किलोच्या माणसाचे सहा किलो उतरण्यासारखं आहे.

पाळीव उंदरांना सर्वाधिक छळतो तो श्वसनाचा आजार. बहुतेक पाळीव उंदरांमध्ये मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जिवाणू असतोच. आईकडून पिल्लांकडे येतो, श्वासनलिकेच्या अस्तराला चिकटून बसतो आणि कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांचं काम बिघडवतो. कित्येक महिने काहीच दिसत नाही. मग शिंका, श्वास घेताना कटकट किंवा घरघर, आणि पुढे प्रत्येक श्वासाला आत-बाहेर होणाऱ्या बरगड्या. उंदीर श्वास नाकानेच घेतो. तो तोंड उघडून धापा टाकत असेल तर ती आणीबाणी समजावी. तेव्हा ऑक्सिजन हवा, आणि तोही ताबडतोब.

या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं नेमकी तीच भिंत उभी राहू देत नाहीत, त्यामुळे इथे ती निरुपयोगी. डॉक्सिसायक्लिन जिवाणूची प्रथिनं बनू देत नाही, एनरोफ्लॉक्सासिन त्याच्या डीएनएच्या कामात अडथळा आणतं. पशुवैद्य यांपैकी एक किंवा दोन्ही देतात, आणि तीही बरेचदा काही आठवडे. घरातल्या उरलेल्या गोळीचा तुकडा अंदाजाने देणं जिवावर बेतू शकतं. शिवाय औषधाने जिवाणू हटत नाही, दबतो. म्हणून पिंजऱ्याची स्वच्छता हा उपचाराचाच भाग मानायला हवा. मूत्रातून सुटणाऱ्या अमोनियाने हा आजार बळावतो, हे 1970 च्या दशकातल्या प्रयोगांनी दाखवलं. आपल्या नाकाला वास येत असेल, तर दिवसरात्र त्यातच राहणाऱ्याचं काय होत असेल?

गाठींचं चित्र त्यामानाने बरं आहे. मादीच्या स्तनग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत पसरलेल्या असतात, त्यामुळे गाठ बगलेत किंवा खांद्याजवळही येते. यातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण वाढत वाढत चालणं अवघड करतात. लवकर काढलेली बरी. शस्त्रक्रियेआधी कुत्र्या-मांजरांना उपाशी ठेवतात, उंदराला तसं रात्रभर ठेवू नये. त्याला उलटी होतच नाही, आणि उपाशी राहिल्यास रक्तातली साखर झपाट्याने उतरते.

म्हाताऱ्या मादीला पुढच्या पंजांत खाणं धरता येईनासं झालं, मान कलली, तर मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीला गाठ झाल्याची शंका घेतात. कललेली मान कानाच्या आतल्या संसर्गानेही होते आणि तो प्रतिजैविकांनी आटोक्यात येऊ शकतो, म्हणून आधी ती शक्यता तपासतात. पीयूषिकेच्या गाठीवर कॅबर्गोलिनने काही उंदरांना काही काळ आराम पडतो, इतकंच.

उंदराचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं. औषध चालू असूनही श्वासाची धाप थांबत नसेल, वजन उतरतच असेल, आवडीचा घासही नाकारला जात असेल, तर दयामरणाचा विषय पशुवैद्याकडे आपणच काढावा. तोवर, आजार नवा संसर्गजन्य नसेल तर, सोबतचा उंदीर वेगळ्या पिंजऱ्यात हलवू नये. एकटा पडलेला उंदीर खाणं आणखी लवकर सोडतो.