स्कार्लेटच्या वखारीचा हिशेब

'गॉन विथ द विंड' म्हटलं की बहुतेकांना खिडकीचे मखमली पडदे उतरवून त्यांचा झगा शिवून घेणारी स्कार्लेट ओ'हारा आठवते. मला आठवते तिची लाकडाची वखार. मार्गारेट मिचेल यांची ही कादंबरी १९३६ साली आली, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं आणि हजारावर पानांचं ते बाड प्रेमकथा म्हणून हातोहात खपलं. पण त्यातला मोठा भाग चक्क धंद्याचा आहे.

अमेरिकेच्या यादवी युद्धात अटलांटा जळलं. शहर पुन्हा उभं राहायचं तर लाकूड लागणार, हे स्कार्लेट बरोब्बर हेरते. त्याआधी टारा या घरच्या मळ्याचा ३०० डॉलर कर भरण्यासाठी तिनं सख्ख्या बहिणीचा ठरलेला नवरा, फ्रँक केनेडी, खोटं बोलून पटकावलेला असतो. मग ओळखीतल्या श्रीमंत रेट बटलरकडून कर्ज काढून ती सॉ मिल घेते आणि दिवस गेलेले असतानाही बग्गीतून गिऱ्हाइकं गाठत हिंडते. फ्रँकला गावात तोंड दाखवायची चोरी होते. इथवर आपण, खरं सांगायचं तर, तिच्याच बाजूचे असतो.

पुढे मजुरांचा प्रश्न येतो. १८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरीला वाट ठेवली. त्याच वाटेनं अटलांटा ज्यात येतं त्या जॉर्जिया राज्यानं १८६८पासून कैदी भाड्यानं द्यायला सुरुवात केली. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय असत. गुलाम मेला तर मालकाचं भांडवल बुडायचं, भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळायचा. हा प्रकार तिथे १९०८पर्यंत चालला.

स्कार्लेट असे १० कैदी घेते. तिची गाडी हाकणारा लंगडा आर्ची बायकोच्या खुनासाठी तुरुंगात राहून आलेला. तोसुद्धा हे ऐकून तिचं काम सोडतो. मुकादम जॉनी गॅलेगर कैद्यांसाठी पाठवलेला शिधा परस्पर विकून खातो. ती वखारीवर जाते, उपाशी माणसं बघते, त्याला फैलावर घेते. तो नोकरी सोडायची धमकी देतो आणि बाई नरमतात. लाकूड तोच तर काढून देत असतो!

कादंबरी जुन्या गुलामशाहीचे गोडवे गाते, कू क्लक्स क्लॅनला शूर ठरवते. ते आज वाचवत नाही. पण बाईच्या स्वतंत्र बाण्याचा खर्च कोणाच्या पोटातून निघाला, हे मिचेल यांनी इथे स्वच्छ लिहिलंय. आणि लगेच झाकलंयही. त्याच फेरीत परतताना स्कार्लेटवर हल्ला होतो, टारावरचा जुना गुलाम बिग सॅम तिला सोडवतो, सूड घ्यायला गेलेला फ्रँक मारला जातो. एवढ्या धामधुमीत त्या शिध्याचं पुढे काय झालं, हे विचारायला वाचकाला सवडच मिळत नाही.