सांभरच्या मिठाचे धनी

जयपूरला गेलेली आपली मंडळी आमेर, हवामहल, जंतरमंतर उरकतात आणि लाखेच्या बांगड्या घेऊन परततात. शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे ८० किलोमीटरवर सांभरचं खारं सरोवर आहे, तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. राज्यकर्ते मात्र एकामागून एक तिथे येऊन गेले.

सांभर ही चौहानांची जुनी राजधानी. त्यांच्या शाकंभरी देवीचं देऊळ आजही सरोवराकाठी उभं आहे. देवीने इथे रुप्याचं मैदान दिलं, पण त्यापायी हाणामाऱ्या होतील या धास्तीने लोकांनीच तिला विनवलं आणि रुप्याचं मीठ झालं, अशी आख्यायिका आहे. हाणामाऱ्या काही टळल्या नाहीत.

१५६२ साली अकबराचं आमेरच्या राजा भारमलच्या मुलीशी लग्न लागलं ते सांभरलाच. मिठाचं उत्पन्न बादशाही खजिन्यात जाऊ लागलं. औरंगजेबामागे, १७०८ साली, आमेरचे सवाई जयसिंह आणि जोधपूरचे अजितसिंह एक झाले, त्यांनी मुघलांच्या बाजूने लढणाऱ्या बारहाच्या सय्यदांना इथे धूळ चारली आणि सांभर निम्मं निम्मं वाटून घेतलं. एक गाव, दोन दरबार! पुढे मराठ्यांनी आणि पेंढारी सरदार अमीरखानानेही ते अधूनमधून बळकावलं. राजपुतान्यातल्या आपल्या खंडणीची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. जानेवारी १७५१ मध्ये जयपूरकरांनी शहरात आलेल्या मराठ्यांची कत्तल केली, ते सांगायचं राहून जातं.

शेखावाटीच्या बंदोबस्ताचा खर्च वसूल करण्यासाठी कंपनी सरकारने १८३५ ते १८४३ सरोवर आपल्याकडे ठेवलं. पण खरा डाव पुढेच होता. ब्रिटिश मुलखात मिठावर जबर कर होता. संस्थानांतलं स्वस्त मीठ आत शिरू नये म्हणून सिंधूपासून महानदीच्या खोऱ्यापर्यंत जकातीची हद्द आखलेली होती. शेकडो मैल बोर, बाभूळ, करवंदांचं जिवंत कुंपण आणि त्यावर हजारो पहारेकरी. या खात्याचे कमिशनर होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हो, १८८५ साली मुंबईत राष्ट्रीय सभा भरवण्यात पुढाकार घेणारे तेच! कुंपण राखत बसण्यापेक्षा मीठ पिकतं ती जागाच हातात घ्यावी, हे सरकारने ओळखलं. जयपूर-जोधपूरशी भाडेपट्ट्याचे करार झाले, त्यातही ह्यूम होते. १८७० मध्ये सांभर इंग्रजांच्या ताब्यात गेलं, तेही गोळी न झाडता. जागेवरच कर वसूल होऊ लागल्यावर १८७९ साली कुंपण मोडीत निघालं. कर राहिलाच.

मीठ पिकवण्याची रीत मात्र धन्यांबरोबर फारशी बदलली नाही. पावसाळ्यात मेंढा आणि रूपनगढ नद्या पाणी आणतात. सरोवराला आडवा पाच किलोमीटरचा दगडी बांध आहे. पश्चिमेकडचं पाणी पुरेसं खारावलं की ते पूर्वेला घेतात आणि ‘क्यार’ म्हणजे आपल्या मिठागरातल्या वाफ्यांत उन्हावर आटवतात. आटता आटता ते गुलाबी, मग लालसर होतं. ही करामत सूक्ष्म शेवाळाची आणि जिवाणूंची. असल्याच शेवाळावर हिवाळ्यात रोहित पक्षी पोसतात.

१९६४ साली सांभर सॉल्ट्स ही सरकारी कंपनी निघाली. तिचे भागीदार केंद्राची हिंदुस्तान सॉल्ट्स आणि राजस्थान सरकार. म्हणजे पुन्हा धनी दोनच. १९९० मध्ये सरोवर महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, पण बेकायदा कूपनलिकांनी खारं पाणी उपसणं थांबलं नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये बॉट्युलिझम या जिवाणूजन्य विषबाधेने इथे हजारो पक्षी मेले. जयसिंह-अजितसिंहांनी निदान हिस्से ठरवले होते, आजच्या उपशाला हिशेबच नाही.

जयपूरला जाल तेव्हा एक दिवस सांभरसाठी राखा. फुलेरा जंक्शनहून ते अगदी जवळ आहे, आणि रोहित पाहायचे तर हिवाळ्यातच जायला हवं.