आधी पट्टा, मग गाल

आजोबांचा वस्तरा जर्मनीतल्या झोलिंगनचा. हात थरथरायला लागल्यापासून तो कपाटातच होता. मी मागितला तेव्हा म्हणाले, "आधी पट्टा शीक, मग गाल."

मी कसला ऐकतोय! खडेबाजारातून ब्रश, वाटी, तुरटी आणली. धारेसाठी १००० आणि ८००० ग्रिटचे दगड मागवले, वर आणखी एक वस्तरा. सामान जमवणं सोपं असतं हो, पैसे टाकले की झालं.

खरी गोम पट्ट्यात आहे. धार काढतो तो दगड, चामड्याचा पट्टा नव्हे. दाढी करताना पात्याची बारीक कड किंचित वाकते, ती पट्टा सरळ करतो. म्हणून दगडावर धार पुढे ठेवायची आणि पट्ट्यावर पाठ पुढे. पट्ट्याच्या टोकाला पातं वळवायचं तेही पाठीवरच, उचलायचं नाही. मी पहिल्याच दिवशी उलटं केलं आणि नवा कोरा पट्टा चिरला. आजोबा काही बोलले नाहीत, नुसते हसले.

गालाचं तसं थोडक्यात आहे. गरम पाण्यानं केस मऊ करायचे, मोकळ्या हातानं कातडी ताणायची, पातं साधारण ३० अंशांत धरून केसांच्या दिशेनं ओढायचं. दाब द्यायचा नाही आणि आडवं तर सरकवायचंच नाही, रक्त येतं ते त्यानंच. पहिले काही आठवडे मी फक्त गाल केले, बाकी साध्या रेझरनं.

गेल्या रविवारी आजोबा खुर्ची उजेडात ओढून बसले. म्हटलं, "आजोबा, हनुवटी अजून जमत नाही मला."

"गाल तरी कर," ते म्हणाले.